चार बोटं कमी

मी एक जुना लोखंडी गज आहे, आणि मित्रांनो, गेल्या साठ वर्षांत मला कुणीही माझी लांबी विचारलेली नाही. 'तो दांडा दे बरं इकडं', 'ती सळई कुठं ठेवलीय बघ', एवढंच काय ते. लांबी कोण विचारतो! म्हणून मीच आधी सांगून टाकतो, कारण न सांगितलेल्या गोष्टींची मला आता फार धास्ती वाटते. माझी लांबी छत्तीस इंच. कापडाच्या दुकानात आज जो मीटर दिसतो, त्याच्यापेक्षा मी चार बोटं आणि वर थोडा कमी आहे. शेजारी शेजारी उभं केलं तर लहान पोरालाही कळेल. पण शेजारी उभं करायला तर हवं ना!

माझा जन्म लातूरला झाला. दगडोबा लोहारानं मला बैलगाडीच्या चाकाच्या जुन्या लोखंडी धावेतून घडवलं. पाव, अर्धा आणि पाऊण अशा तीन खाचा माझ्या अंगावर पाडल्या आणि दोन्ही टोकांना पितळेच्या टोप्या बसवल्या. उदगीरचे कापड व्यापारी चन्नबसप्पा मला घ्यायला स्वतः आले होते. त्यांनी मला डोळ्यांसमोर धरून मी कुठं वाकडा तर नाही ना ते पाहिलं, फरशीवर आपटून आवाज ऐकला, आणि म्हणाले, "हाव, हा चालंल."

चाललो की! असा चाललो की विचारू नका. मोंढ्याच्या बाजाराजवळच्या त्या दुकानात दिवसभर ठाण उलगडायचं आणि माझ्या अंगावरून कापड सळसळत जायचं. पार नायगाव-मुखेडकडून माणसं लग्नाचा बस्ता बांधायला यायची. चन्नबसप्पांची एक रीत होती. माप पुरं झालं की कात्री लावण्याआधी ते चार बोटं कापड वर सोडायचे. गिऱ्हाईक बाई हसून म्हणायची, "मालक, तुमच्या गजावर डोळे झाकून भरवसा." ते ऐकलं की मला फार बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू, थोडी ऐटही यायची.

मग सरकारनं मीटर आणला. दुकानात सरकारी शिक्का मारलेली नवी पट्टी आली, तिला भिंतीवर खिळा मिळाला आणि मला कोपरा. माझ्यावर माप करून विकणं आता गुन्हा होता. चन्नबसप्पांचे चिरंजीव गुंडप्पा तेव्हा तरुण होते. वजनमापाचा साहेब यायचा असला की ते मला फळ्यांच्या मागं लपवायचे. टाकून मात्र दिलं नाही. "माझ्या बापाचा गज हाय," एवढंच म्हणायचे. पुढं तयार कपड्यांचे दिवस आले, ठाणं कमी झाली आणि माझ्याकडे वरचे हँगर काढायचं काम आलं. कधी शटरची वरची कडी ढकलायची, कधी दारात आलेली शेळी हाकलायची. कापड माझ्या अंगाला लागेनासं झालं. तुम्हाला म्हणून सांगतो, त्याचं फार वाईट वाटायचं.

गुंडप्पा म्हातारे झाले. मुलगा मल्लेश लातूरच्या शिकवणीत मास्तर झाला, त्याला कापडात गोडी नव्हती. गोडी होती ती सुनेला, दामिनीला. देगलूरकडची मुलगी, बोलायला पटपट, हाताला झटपट. तिनं दुकानाचा एक भाग लहान मुलांच्या कपड्यांना दिला, आणि हातातल्या मोबाईलवर शोधत शोधत थेट बांगलादेशातला, ढाक्याजवळचा एक छोटा कारखाना गाठला. मालाची कागदपत्रं मुंबईचा एजंट बघायचा, पण बोलणं मात्र थेट. इकडून दामिनी, तिकडून शेफाली.

शेफाली त्या कारखान्यात सात वर्षं शिलाई मशीनवर बसली होती आणि नुकतीच मोबाईलच्या टेबलावर आली होती. परदेशी दुकानदारांशी बोलायचं, मापं घ्यायची, ती आत पोचवायची, हे तिचं काम. मालिका बघून बघून हिंदी शिकलेली. दोघींनी एकमेकींचा चेहरा कधी पाहिला नव्हता. शेफालीच्या नंबरावर एका पांढऱ्या फुलाचं चित्र होतं, तेवढंच. पण आवाज! "दीदी, खाना खाया?" असा तो आवाज आला की दामिनी गिऱ्हाईक सोडून हसायची. हळूहळू रंगाच्या बोलण्यात पोराबाळांची बोलणी मिसळली, आणि मी कोपऱ्यातून ऐकत राहायचो.

पहिल्याच मालात एक घोळ झाला. दामिनीनं मापं इंचात लिहिली, तिकडं ती सेंटिमीटरात वाचली गेली, आणि बाळांची झबली बाहुलीला बसतील अशी आली. बोलणी शेफालीला बसली. "दीदी, हमारे यहाँ एक गलती माफ है. दूसरी हुई तो वापस मशीन पे, या घर," असं तिनं सांगितलं तेव्हा तिचा आवाज बारीक झाला होता. म्हणून तिनंच नवी पद्धत काढली. आकडे लिहायचेच नाहीत. नमुन्याचा कपडा टेबलावर पसरायचा, शेजारी मीटरची पट्टी ठेवायची आणि वरून फोटो काढायचा. तिकडचा संगणक पट्टीवरून सगळी मापं काढणार. तीन वेळा तसं केलं आणि तिन्ही वेळा कपडे अगदी बेतशीर आले. अर्थात तेव्हा फोटोत तो शिक्क्याचा मीटर असायचा.

गुंडप्पांना हे काही रुचत नव्हतं. त्यांची आपली जुनी रीत. नवा माल आला की पहिला कपडा एखाद्या लेकराच्या अंगात घालायचा आणि सांगायचं, "हात वर कर." हात वर केल्यावर बाही मनगटावर राहिली आणि पोट उघडं पडलं नाही, तरच माल फळीवर.

"पोरी, फोटोतला कपडा हात वर करतोय का?" ते म्हणायचे.

"आप्पा, कुरियरनं नमुना मागवला तर पंधरा दिवस तिथंच जातेत," दामिनी म्हणायची. "सव्वीस जानेवारी आपल्यासाठी थांबंल का?"

सव्वीस जानेवारी अशासाठी, की नायगावच्या मुलींच्या शाळेनं संचलनासाठी साडेतीनशे ट्रॅकसूट सांगितले होते. दामिनीच्या हातचं एवढं मोठं काम पहिलंच. शाळेच्या शिल्पा मॅडम जुने तीन ट्रॅकसूट नमुन्याला देऊन गेल्या. गुंडप्पा तेव्हापासून गप्पच झाले. घरात सगळं बोलणं त्या मोबाईलशी चाललंय, आपल्याला कुणी काही विचारत नाही, हे त्यांच्या मनात सलत होतं. मला ते कळायचं. आम्ही दोघं एकाच कोपऱ्यातले.

आणि तो मंगळवार उजाडला. डिसेंबरचे दिवस. वजनमापाचा वर्षाचा कॅम्प लागला होता, शिक्क्याचा मीटर तपासणीला गेला होता. गुंडप्पा दुपारचे जेवायला घरी गेले होते. दामिनीनं तिन्ही ट्रॅकसूट टेबलावर पसरले, भिंतीकडे हात नेला, खिळा रिकामा दिसला. मग तिनं इकडंतिकडं पाहिलं आणि कोपऱ्यातून मला उचललं.

काय सांगू मित्रांनो, मला किती आनंद झाला! किती वर्षांनी कापडाशेजारी निजलो. तिनं पदरानं माझी धूळ पुसली, फोटो काढला, पाठवला. पहिले काही क्षण मी नुसता सुखात होतो. मग लक्षात आलं. अरे देवा! ही मला मीटर समजतेय!

तेवढ्यात शेफालीचा आवाज आला. "दीदी, आज पट्टी अलग दिख रही है. नाप भी थोड़ा बड़ा आ रहा है. ये एक मीटर ही है ना? एक बार देख के बोल दो, फिर मैं आगे देती हूँ. अगले हफ्ते गुरुवार को कटिंग है."

बघा, तिनं विचारलं होतं! स्पष्ट विचारलं होतं. पण त्याच वेळी लग्नाच्या तीन बाया दुकानात शिरल्या. एक म्हणाली, "ताई, पोपटी रंगात हाय का?" दामिनी म्हणाली, "आले आले," आणि फळीकडे वळता वळता तिनं मोबाईलवर बोट टेकवलं. एक पिवळा अंगठा गेला. माप मोठं आलं याचंही तिला नवल वाटलं नसेल. वाढत्या अंगाला दोन इंच सैल घ्यायची आमच्याकडची रीत तिनं शेफालीला आधीच सांगून ठेवली होती. शेफालीनंही मग तेच कारण धरलं असेल. पलीकडून निळ्या खुणा उमटल्या आणि सगळं शांत झालं.

मी ओरडायला पाहिजे होतं. पण गजाला तोंड कुठलं? मी टेबलावर पडून राहिलो आणि बाया पोपटी रंगावरून घासाघीस करत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी मीटर कॅम्पहून परत आला. गुंडप्पांनी तो खिळ्याला लावला आणि मला नेमकं त्याच्याच खाली टेकवलं. आता मला वाटलं, कुणीतरी बघेल. बुधवार गेला. गुरुवार गेला. दामिनी दिवसातून दहा वेळा आमच्यासमोरून जायची. मी मनात म्हणायचो, अगं थांब, जरा वळून बघ, आम्हाला दोघांना एका ओळीत धर. ती गाणं गुणगुणत पुढं निघून जायची.

शनिवारी तयार नमुन्याचा फोटो आला. निळा ट्रॅकसूट, बाहीला पांढरी पट्टी, हँगरला लावलेला. दामिनी हरखून गेली. मोबाईलच्या पडद्यावर सगळेच कपडे तळहाताएवढे दिसतात, त्यात लहानमोठं काय कळणार! तिनं 'खूप सुंदर' असं लिहिलं. माझा जीव मात्र खाली-वर होत होता. लोखंडाला कसला जीव, असं म्हणू नका. साडेतीनशे पोरींच्या बाह्या बोटांच्या खाली लोंबताना मला दिसत होत्या, आणि त्याहून जास्त दिसत होती ती न पाहिलेली शेफाली. दुसरी चूक माफ नाही, असं ती म्हणाली होती.

पुढचा मंगळवार आला, आणि त्या दिवशी आणखी एक गोष्ट घडली. त्या कारखान्याची पद्धत अशी होती, की मोबाईलवरचे निरोप सात दिवसांनी आपोआप पुसले जायचे. शेफालीचा प्रश्न पुसला गेला. दामिनीचा अंगठाही पुसला गेला. दोन्हीकडून. उरला तो दामिनीनं स्वतः काढलेला फोटो आणि मी. गुरुवार आला तसा गेला. दिवसभर मला कात्रीचाच आवाज ऐकू येतोय असं वाटत राहिलं.

शुक्रवारी सकाळी गुंडप्पा पूजा आटोपून, कपाळाला भस्म लावून दुकानात आले. दामिनी लाडीगोडीनं म्हणाली, "आप्पा, किती दिवस रुसून बसता? या, कसं काम चाललंय ते दाखवते." तिनं मोबाईल पुढं धरला. त्यांनी चष्मा सारखा केला. ट्रॅकसूटकडे त्यांनी पाहिलंच नाही.

"ह्यो आपला गज हाय की!" ते म्हणाले. आवाजात कौतुक होतं.

"गज न्हाई आप्पा, मीटर हाय. माप कळावं म्हणून ठिवला."

"कुठला मीटर? मीटर तवा कॅम्पाला गेलता. ही पितळंची टोपी दिसती का? ह्यो माझ्या बापाचा गज हाय."

दामिनी उठली. तिनं मला उचललं, मीटर खिळ्यावरून काढला आणि आम्हा दोघांना टेबलावर शेजारी शेजारी ठेवलं. खालची टोकं जुळवली. वर बघितलं. मग उरलेल्या जागेत तिनं आपली चार बोटं ठेवली. 

"आप्पा, तुमी कवाच सांगितलं न्हाई," ती म्हणाली.

"तू कवाच इचारलं न्हाईस," ते म्हणाले, आणि म्हणून झाल्यावर त्यांचं तोंड एवढंसं झालं.

मग फोन सुरू झाले. एक, दोन, दहा. पलीकडे घंटा वाजायची नाही. निरोपाखाली एकच खूण, दुसरी उमटेना. दामिनी येरझाऱ्या घालायला लागली. "आप्पा, फोन लागंना हो! काय झालं असंल?" गुंडप्पांनी रस्त्यापलीकडे पाहिलं. अत्तारवाल्या चाचांचं दुकान बंद होतं. "आज जुम्मा हाय," ते म्हणाले. "त्यांच्याकडं सुट्टी असंल." दामिनीनं मोबाईल टेबलावर ठेवला. वर्षभर ती शेफालीशी बोलत होती. तिच्या मुलीला कुठली भाजी आवडत नाही हेही तिला ठाऊक होतं, पण शुक्रवारच्या निरोपाला उत्तर शनिवारी का येतं हे कधी विचारलं नव्हतं.

शनिवारी दुपारी पलीकडूनच फोन आला, चित्रासकट. दामिनीनं मोबाईल माझ्या पितळी टोपीला टेकवून टेबलावर उभा केला, म्हणून मी सगळं जवळून पाहिलं. पडद्यावर एक जाड मिशांचे मॅनेजर होते. त्यांच्या मागं ओढणी डोक्यावरून घेतलेली एक किडकिडीत बाई उभी होती, डोळे सुजलेले. ती काही बोलली नाही, तरी दामिनी पुटपुटली, "शेफाली." पहिल्यांदा चेहरा दिसला तो असा.

मॅनेजर म्हणाले, "मैडम, आपका मेसेज आज देखा. कटिंग परसों हो गई. पूरा माल बड़ा कट गया. शेफाली बोलती है उसने आपसे पूछा था और आपने हाँ भेजा. लेकिन मेसेज तो मिट गया, कोई सबूत नहीं है. आप बताइए, आपने हाँ भेजा था कि नहीं?"

 मित्रांनो, पुरावा कुठंच नव्हता. दामिनीनं 'नाही' म्हटलं असतं तर चूक शेफालीची ठरली असती. कारखान्यानं धावपळ करून तारखेला माल दिला असता, पोरी नव्या ट्रॅकसूटमध्ये चालल्या असत्या, दामिनीचं नाव झालं असतं. आणि 'हो' म्हटलं तर चूक दुकानाची. मग तारीख गेली, शाळेला दिलेला शब्द गेला, आणि सासऱ्यांसमोर मान खाली. तिनं पदराचं टोक मुठीत धरलं होतं.  मला वाटलं, ही आता नाही म्हणणार. मी फार घाबरलो. तिनं गुंडप्पांकडे पाहिलं. ते माझ्याकडे बघत होते.

मग एकदम तिनं मोबाईल हातात घेतला आणि दुसऱ्या हातानं मला उचललं.

"मैंने अंगूठा भेजा था, साहब," ती म्हणाली. "उसने बराबर पूछा था. दुकान में गिऱ्हाईक था, मैंने देखे बिना भेज दिया. ये मीटर नहीं, गज है. देखो, इतना कम है." तिनं मोबाईल गुंडप्पांकडे दिला, मला मीटरशेजारी उभं धरलं, आणि मधल्या जागेत आपली चार बोटं लावून दाखवली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

गुंडप्पांनी मोबाईल उलटा धरला होता. तिनं तो सरळ करून दिला. ते मोठ्यानं म्हणाले, "साब, ये मेरे बाप का गज है. बताना मेरा काम था. वो बच्ची कू कुछ मत बोलो."

पलीकडे शेफालीनं ओढणी तोंडाला लावली. मॅनेजरांनी कागदावर काही हिशोब केला. शेवटी म्हणाले, "छोटा कटता तो सब फेंकना पड़ता. बड़ा कटा है, तो फिर से काट के छोटा कर देंगे. लेकिन तारीख नहीं मिलेगी. और शेफाली का क्या करना है, वो मैं देखूँगा." आणि फोन बंद झाला.

सोमवारी दामिनीनं मला वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि एसटीनं नायगावला नेलं. शाळेचं मैदान मी पहिल्यांदाच पाहिलं. पोरी कवायत करत होत्या. शिल्पा मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. त्या चिडल्या, आणि चिडणारच ना! "दामिनीताई, दोन महिने पोरी उन्हात पाय आपटायल्या. काय सांगू त्यास्नी?" दामिनीनं मला पुढं धरून जशी चूक झाली तशी सांगितली. मग मॅडम म्हणाल्या, "सव्वीसला जुनेच कपडे. पण माल आला की आधी माझ्या पोरींच्या अंगात घालून बघणार, मगच ठिवून घेणार." दामिनी म्हणाली, "हाव मॅडम. हात वर करून."

सव्वीस जानेवारीला पोरी विटक्या कपड्यांत चालल्या. दामिनी ते बघायला मुद्दाम गेली आणि आल्यावर जेवली नाही.

त्या सगळ्या दिवसांत शेफालीचा आवाज आला नाही. निरोप यायचे, पण ते दुसऱ्याच कुणाचे. 'नोटेड', 'ओके', आणि अंगठा. तो अंगठा दिसला की दामिनी मोबाईल उलटा ठेवायची. "शेफाली किधर है?" असं तिनं तीनदा लिहिलं. तिन्ही वेळा निळ्या खुणा उमटल्या, उत्तर आलं नाही. ती मशीनवर गेली की घरी, कुणालाच कळेना. गुंडप्पा रोज सकाळी भस्म लावून आले की पहिला प्रश्न तोच, "त्या पोरीचा काई फोन?" दामिनी मान हलवायची.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात खोकी आली. दामिनीनं ती जशीच्या तशी नायगावला नेली आणि मलाही बरोबर घेतलं. आता तिला मला सोडून जाववत नव्हतं. सातवीतली सिंधू नावाची उंचशी पोरगी पुढं आली. ट्रॅकसूट चढवला. गुंडप्पाही आले होते. ते म्हणाले, "लेकी, हात वर कर." तिनं केला. "दोन्ही कर. आणखी वर." बाह्या मनगटावर राहिल्या. पोट झाकलेलं राहिलं. सिंधू तशीच हात वर करून हसत उभी होती, कारण तिला हात खाली घे असं कुणी सांगितलंच नव्हतं. आम्ही सगळे तिच्याकडे बघत राहिलो.

शेवटच्या खोक्याच्या तळाशी मात्र एक ट्रॅकसूट निराळा निघाला. भलामोठा, बाह्या बोटांच्याही खाली लोंबणाऱ्या. तो पहिला नमुना होता, माझ्या मापाचा, फोटोत सुंदर दिसलेला. बरोबर चिठ्ठी नाही, काही नाही. तो कुणी ठेवला हे कळेना. गुंडप्पांनी तो दुकानात आणला, मला त्याच्या एका बाहीतून घालून, बाह्या चुण्या करून मागं सारत, दुसरीतून बाहेर काढलं आणि मीटरच्या शेजारी भिंतीवर टांगून टाकलं. तेव्हापासून मी तिथं आहे. दोन्ही बाह्या पसरून सगळ्यांना दिसतो. माझ्या अंगाला पुन्हा कापड लागलं.

मित्रांनो, मी म्हातारा गज, तुम्हाला काय शिकवणार? तुमच्या हातात मोबाईल आहे, एका बोटानं तुम्ही समुद्रापलीकडे निरोप धाडता. धाडा बापडे, मला त्याचं कौतुकच वाटतं. दामिनीला शेफाली मिळाली ती त्यामुळंच. फक्त कुणी काही विचारलं तर हातातलं काम घडीभर बाजूला ठेवा, नीट बघा, आणि तोंडानं उत्तर द्या. पलीकडे कुणाचं तरी पोट त्या उत्तरावर असतं. आणि घरात कोपऱ्यात बसलेली जुनी माणसं असतील, जुन्या वस्तू असतील, तर त्यांनाही अधूनमधून विचारत जा. त्यांना काय ठाऊक आहे ते तुम्हाला ठाऊक नसतं, आणि ती रुसलेली असली की आपणहून सांगत नाहीत.

परवाची गोष्ट सांगतो आणि थांबतो. दुपारची वेळ होती, गुंडप्पा गादीवर पेंगत होते. मोबाईल वाजला. पांढऱ्या फुलाचं चित्र! दामिनीच्या हातातली कात्री खाली पडली. पडद्यावर तीच किडकिडीत बाई, तेच टेबल, पण डोळे सुजलेले नव्हते.

"दीदी, खाना खाया?" ती म्हणाली. "दो महीने मशीन पे थी. आज वापस बैठी हूँ."

 दामिनी नुसती हसत होती आणि डोळे पुसत होती. "आप्पा, उठा, उठा!" एवढंच तिच्या तोंडून निघालं. गुंडप्पा धडपडत उठले.

"दीदी, नया ऑर्डर बाद में," शेफाली म्हणाली. "पहले वो दिखाओ."

"क्या?"

"वो पट्टी."

दामिनीनं मोबाईल भिंतीकडे वळवला. मोठा ट्रॅकसूट पाहून शेफाली खळखळून हसली. मग हसू आवरून, डोळे बारीक करून तिनं माझ्या पितळी टोपीकडे नीट पाहिलं आणि साठ वर्षांत कुणी विचारलं नव्हतं ते विचारलं.

"इसकी लंबाई कितनी है, दीदी?"

दामिनीनं अंगठा नाही दाखवला. तिनं मला भिंतीवरून खाली काढलं, बाह्यांतून सोडवलं, टेबलावर ठेवलं, वर टेप लावली, आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नीट मापून मगच सांगितलं.

"छत्तीस इंच. मीटर से चार उंगली कम."